सापाची ऊब : साधन कोणते निवडावे?

आपल्या ग्राहकांपैकी अनेकांची मुले व नातवंडे आज ब्रिटनमध्ये वा अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहावयास गेलेल्या ज्येष्ठ मंडळींना तेथील बहुतेक गोष्टींची सवय लवकरच होते. मात्र शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात, किंवा क्वचित प्रसंगी स्वतःच्या नातवाच्याच खोलीत, काचेची दारे लावलेली लाकडी पेटी दिसावी आणि तीत वेटोळे घालून साप पहुडलेला असावा, हे दृश्य पचनी पडावयास वेळ लागतो. नागपंचमीस पूजा आणि एरवी काठी, अशा दोन टोकांमध्ये वाढलेल्या आपल्या मनाला साप हा 'पाळीव' असू शकतो ही कल्पनाच रुचत नाही. तथापि तिकडे ती रुळलेली आहे. कुत्र्या-मांजरांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत सापाच्या सामानासाठी एक स्वतंत्र भिंत असते, आणि त्या भिंतीवर सर्वांत अधिक गोंधळ उडविणारी वस्तू म्हणजे पेटी उबदार ठेवण्याचे साधन. तापणारी चटई, दिवा, चिनीमातीचा हीटर, छताला बसवावयाची पट्टी, कृत्रिम दगड... प्रत्येक खोक्यावर तेच सर्वोत्तम असल्याचा दावा असतो. नातवाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पैसे देणाऱ्या आजोबांनी यातील नेमके काय घ्यावे? प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे. चुकीची निवड केवळ पैशांचे नुकसान करीत नाही. तिच्यामुळे मुके जनावर भाजते आणि कधी घरासही धोका संभवतो.

विषयात शिरण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. पुढील विवेचन भारतात साप पाळण्याचे आमंत्रण नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडील साप पकडणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. मग तो बिनविषारी धामण का असेना. परदेशी जातींच्या बाबतीतही २०२२ सालच्या दुरुस्तीने व तिला अनुसरून २०२४ साली आलेल्या नियमांनी आंतरराष्ट्रीय करारातील यादीत समाविष्ट असलेल्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आहे. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण बिनविषारी साप पाळण्यास परवाना लागत नाही. तथापि इंग्लंड व वेल्ससाठी २००६ साली झालेल्या प्राणी कल्याण कायद्याने पाळलेल्या प्राण्यास योग्य परिस्थितीत ठेवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य ठरविले असून त्यातून सापही सुटलेला नाही. सापाच्या बाबतीत 'योग्य परिस्थिती' या शब्दांचा पहिला अर्थ ऊब हाच होय.

शरीरात भट्टी नसलेला प्राणी

आपण थंडीत कुडकुडतो, उन्हात घामाघूम होतो, परंतु शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास टिकवून धरतो. त्यासाठी खाल्लेल्या अन्नाचा मोठा हिस्सा आपण अक्षरशः जाळत असतो. सापाने हा खर्च मांडलेलाच नाही. तो ऊब बाहेरून घेतो. म्हणूनच त्याला आठवड्यातून एकदा, मोठ्या जातींना तर त्याहूनही कमी वेळा खाऊन चालते. (यास एक मनोहारी अपवाद आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू आकुंचित करते आणि त्या थरथरीतून उष्णता निर्माण करून अंडी उबविते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील ब्रह्मी अजगराच्या मादीवर केलेल्या मोजमापांतून १९६६ साली हे निर्विवाद सिद्ध झाले.) बाहेरून घेतलेल्या या उबेवर सापाचे सर्व व्यवहार चालतात. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पचत नाही. तो पोटात कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. श्वसनसंस्थेचे विकार जडतात, कात नीट सुटत नाही. याउलट ऊब मर्यादेबाहेर गेली तर साप फार झपाट्याने मरतो, कारण त्याच्यापाशी घाम गाळण्याची सोय नाही.

रानातला साप हा पेच कसा सोडवितो? तो जागा बदलतो. सकाळी तापलेल्या खडकावर, दुपारी बिळात, सायंकाळी पुन्हा उबदार वाटेवर. रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरपटणाऱ्या प्राण्यांची तापमाने मोजून १९४४ साली एक प्रबंध प्रसिद्ध केला. 'थंड रक्ताचा प्राणी' ही शब्दयोजना किती फसवी आहे हे त्यातून जगापुढे आले. हे प्राणी थंड नसतात. ऊन आणि सावली यांमध्ये ये-जा करून ते स्वतःचे तापमान बऱ्याच अचूकपणे राखतात. मात्र ही ये-जा रोखली की सारा खेळ संपतो. भर उन्हात उघड्या वाळूवर अडकून पडलेला वाळवंटातला सापही काही मिनिटांत दगावतो.

पाळलेल्या सापाचा सारा प्रश्न येथेच आहे. पेटीत कोंडल्यावर त्याची ये-जा आपण तीन-चार फुटांत आणून ठेवलेली असते. यास्तव 'पेटी किती अंशांवर ठेवावी?' हा प्रश्नच सदोष ठरतो. पेटीस एक तापमान असता कामा नये. तिचे एक टोक उबदार व दुसरे थंड असावे, दोहोंकडे लपावयास जागा असावी आणि कोठे बसावयाचे हे सापाने ठरवावे. ब्रिटनमध्ये सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या दोन जातींचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या आग्नेय भागातून आलेल्या कॉर्न स्नेकला उबदार जागी २८ ते ३० अंश आणि थंड टोकास २० ते २४ अंश तापमान मानवते. घाना, टोगो, बेनिन इत्यादी पश्चिम आफ्रिकी देशांतील रॉयल पायथन हा उंदरांच्या बिळांत व वारुळांत राहणारा, जेमतेम एक ते दीड मीटर लांबीचा छोटा अजगर. त्यास उबदार टोक ३० ते ३२ व थंड टोक २४ ते २६ अंश लागते. भीती वाटताच हा साप अंगाचा चेंडू करून बसतो, म्हणून अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात.

पेटीच्या आत ऊन-सावली निर्माण करण्याची ही कल्पना वाटते तितकी अर्वाचीन नाही. लंडन प्राणिसंग्रहालयाच्या सरीसृप विभागाच्या प्रमुख जोन प्रॉक्टर यांच्या आराखड्यानुसार बांधलेले सर्पगृह १९२७ साली खुले झाले. संपूर्ण इमारत एकाच तापमानास ठेवण्याऐवजी प्रत्येक कक्षात विजेच्या साह्याने निरनिराळी ऊब देण्याची योजना त्यांनी त्यात केली होती. प्रकृतीने सदैव पीडित असलेल्या या विदुषीचे १९३१ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी निधन झाले. आज एखादा शाळकरी मुलगा आपल्या खोलीतल्या पेटीत जे साधू पाहतो, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखविले होते.

दुकानातील भिंतीपुढे

आता साधनांकडे वळू. सर्वांत स्वस्त व सर्वांत अधिक खपणारे साधन म्हणजे हीट मॅट. प्लास्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये कार्बनची पट्टी असलेली ही चटई पाच-दहा ते तीस वॉटपर्यंत वीज घेते. ती काचेच्या वा प्लास्टिकच्या पेटीखाली, तळाचा साधारण तिसरा हिस्सा व्यापेल अशी बसवितात. तिला स्पर्श होईल ते ती तापविते. पेटीतील हवा मात्र फारशी तापत नाही. इंग्लंडमधील ज्या घरात हिवाळ्यातही खोली वीस-एकवीस अंशांच्या खाली जात नाही, तेथे लहान पेटीतल्या कॉर्न स्नेकच्या पिल्लाचे काम चटईवर भागू शकते. पण रात्री खोली पंधरा अंशांवर उतरत असेल, तर पोटाखालची जमीन तापलेली व भोवतालची हवा गारठलेली अशी विचित्र अवस्था होते. सापास दुसरीकडे कोठे ऊब मिळत नाही. मग तो चटईवरच चिकटून राहतो.

चटईचे आणखी दोन दोष दुकानदार सहसा सांगत नाहीत. लाकडी पेटीखाली ती निरुपयोगी ठरते, कारण लाकूड उष्णता वर जाऊ देत नाही; ती खालीच कोंडते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तळाशी भुशाचा वा नारळाच्या काथ्याचा जाड थर अंथरला की वरून हात लावता जमीन कोमट लागते, प्रत्यक्षात काच मात्र पुष्कळ तापलेली असते. साप हा उकरून खाली शिरणारा प्राणी. तो भुसा बाजूला सारून थेट त्या काचेवर जाऊन पडतो.

येथे कोणीही विचारील, की चटका बसताच तो उठून जाणार नाही काय? हा प्रश्न मोठा विलक्षण आहे. अजगरांच्या ओठांवर ओळीने बारीक खळगे असतात. त्यांतील पातळ पडद्यामुळे अंधारातही उंदराच्या अंगची ऊब त्यांना दुरून जाणवते. या पडद्यातील मज्जातंतूंवर कोणते प्रथिन ही उष्णता टिपते, याचा उलगडा सॅन फ्रान्सिस्को येथील डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली केला. तापमान व स्पर्श यांच्या संवेदनांवरील एकूण संशोधनाबद्दल ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासमवेत २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. उष्णतेचे इतके सूक्ष्म ज्ञान असलेला प्राणी तापलेल्या काचेवर पडून राहतो आणि पोटाची कातडी भाजून घेतो, हे पशुवैद्यांना मात्र वारंवार पाहावे लागते. त्याचा संभव असा, की निसर्गात ऊब प्रामुख्याने वरून, सूर्याकडून येते. खालून अखंड, न निवणारी आच देणारी वस्तू सापाच्या पूर्वजांना कधी भेटलीच नाही. कारण काही असो, 'साप आपण होऊन दूर होईल' या भरवशावर कोणतेही साधन निवडू नये. पोटावरील अशा जखमा भरून यावयास कित्येक महिने व अनेक काती जाव्या लागतात.

याच कारणास्तव विजेचा कृत्रिम दगड सरळ नाकारावा. आत तारेचे वेटोळे, वर सिमेंटसारखे आवरण अशी त्याची रचना असते. तो ठिकठिकाणी असमान तापतो आणि सापाचे अंग थेट त्याच्यावर असते. दिसावयास तो मोठा नैसर्गिक दिसतो, एवढाच त्याचा गुण.

वरून येणारी ऊब

सूर्याचे अनुकरण करावयाचे तर दिवा हवा. येथे थोडे भौतिकशास्त्र उपयोगी पडेल. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला. पारा चढला. याच अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. वस्तू जितकी अधिक तप्त, तितके तिचे किरण आखूड लहरींचे. हॅलोजन दिव्याची तार अडीच हजार अंशांहून अधिक तापते. तिच्यातून प्रकाशाबरोबर मुख्यतः आखूड लहरींचे अवरक्त किरण निघतात. सूर्याकडून जमिनीवर पोहोचणाऱ्या अवरक्त किरणांतही यांचाच भरणा असतो. हे किरण कातडीच्या पृष्ठभागावरच अडत नाहीत, आतील ऊतींपर्यंत शिरतात. म्हणून हॅलोजनखाली बसलेला साप थोड्या वेळात आतून उबतो आणि निघून जातो. दिवसाच्या उबेसाठी माझ्या मते हेच साधन सर्वांत उचित होय. दिव्याखाली एखादी सपाट फरशी ठेवावी. ती तापते आणि दिवा मालवल्यावरही काही वेळ ऊब देत राहते.

दिव्याचा अडसर रात्री येतो. सापाला अंधार हवा. पूर्वी यासाठी तांबडे किंवा निळे दिवे विकत, 'हा प्रकाश सापाला दिसत नाही' असे सांगून. ही समजूत आता मागे पडली आहे. रात्रभर रंगीत दिवा जाळण्याचा सल्ला जाणकार देत नाहीत. आजकालचे एलईडी दिवे प्रकाश उत्तम देतात, परंतु त्यांच्यापासून ऊब मिळेल अशी अपेक्षा करू नये.

रात्रीसाठी पर्याय आहे तो सिरॅमिक हीटरचा. बल्बसारखा आटे असलेला हा चिनीमातीचा गोळा प्रकाश मुळीच देत नाही. त्याचे किरण लांब लहरींचे असतात; ते कातडीच्या वरच्या थरातच शोषले जातात आणि भोवतालची हवाही तापवितात. हिवाळ्यात थंड पडणाऱ्या खोलीत हवा तापणे हाच त्याचा मोठा गुण ठरतो. परंतु तीच कोरडी हवा रॉयल पायथनला सोसत नाही; त्यास साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी असते, अन्यथा कात तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवर चिकटून राहते. पाण्याचे भांडे मोठे ठेवणे आणि ओलसर शेवाळ भरलेली एक डबी लपण्यासाठी देणे, हा त्यावर सोपा उपाय. या हीटरचा पृष्ठभाग दोनशे अंशांपलीकडे जाऊ शकतो. तो साध्या प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसविल्यास होल्डर वितळतो. चिनीमातीचाच होल्डर व उष्णता सोसणारी वायर हवी. शिवाय त्याभोवती तारेची जाळी अपरिहार्य आहे. साप दिव्याला वा हीटरला विळखा घालणार नाही असे समजणाऱ्याने त्याला चढताना पाहिलेले नसते.

अलीकडे डीप हीट प्रोजेक्टर नावाचे साधन या दोहोंच्या मधली जागा घेऊ लागले आहे. प्रकाश जवळजवळ शून्य, पण किरण सिरॅमिकपेक्षा आखूड लहरींचे व अधिक खोल जाणारे. किंमत जास्त असली तरी रात्रीही ऊब लागणाऱ्या सापासाठी ते विचारात घेण्याजोगे आहे; जाळी यालाही हवीच. मोठ्या लाकडी पेटीत छताला बसविण्याची रेडियंट पट्टीही मिळते. ती विस्तीर्ण पृष्ठभागावरून मंद आच देते, त्यामुळे मोठ्या अजगरांसाठी ती सोयीची. लहान पेटीत मात्र ती दोन्ही टोके सारखीच तापवून टाकते आणि मूळ हेतूच बिघडतो.

मग नातवाने काय घ्यावे? पेटी काचेची वा प्लास्टिकची व लहान असेल, खोली उबदार असेल आणि साप कॉर्न स्नेक असेल, तर नियंत्रित चटई पुरेशी आहे; परवडल्यास दिवसा छोटा हॅलोजन जोडावा. चार फुटी लाकडी पेटी व रॉयल पायथन असा बेत असल्यास दिवसा हॅलोजन, आणि खोली रात्री बावीस-तेवीस अंशांखाली जात असेल तर जोडीस सिरॅमिक किंवा प्रोजेक्टर. खोली त्याहून उबदार राहत असेल तर रात्रीचे साधन घेण्याची गरजच नाही; रात्री दोन-चार अंशांचा उतार निसर्गातही असतोच.

खरी खरेदी कोणती?

ज्या वस्तूवर सर्वांत आधी पैसे खर्च करावयास हवेत, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे थर्मोस्टॅट, अर्थात तापमान-नियंत्रक. उबेची वर सांगितलेली सर्व साधने मुकाट्याने तापत राहतात. कोठे थांबावयाचे हे त्यांना ठाऊक नसते. नियंत्रकावाचून घेतलेले महागातले महाग साधन हे नियंत्रकासह घेतलेल्या स्वस्त चटईपेक्षा धोक्याचे असते. साधने निकृष्ट म्हणून साप भाजतात असे क्वचितच. बहुधा ती बेलगाम असतात.

नियंत्रकाचे तीन प्रकार आहेत. साधा प्रकार वीज चालू-बंद करतो. चटईसाठी तो चालतो. दिव्यास तो जोडल्यास दिवा सारखा लुकलुकत राहतो आणि लवकर जातो. दुसरा प्रकार विजेचे लहान-लहान झटके देतो. सिरॅमिकसाठी तो योग्य, चटईलाही चालतो. तिसरा, दिवा मंद-तेज करणारा, हॅलोजन व प्रोजेक्टरसाठी आवश्यक. खोक्यावर 'सर्व साधनांसाठी' असे छापलेले असले तरी आत कोणता प्रकार आहे हे विचारून घ्यावे.

नियंत्रकास वायरीच्या टोकाशी एक संवेदक असतो आणि सारी मदार त्याच्यावर असते. चटई असल्यास तो तिच्या नेमक्या वर, सापाचे अंग जेथे टेकेल तेथे पक्का बसवावा. दिवा असल्यास उबदार जागेजवळ, पण किरणांच्या थेट माऱ्याखाली वा पाण्याच्या भांड्याशेजारी नव्हे. पाण्यात पडलेला किंवा सापाने ढकलून पेटीबाहेर गेलेला संवेदक थंड खोलीचे तापमान मोजू लागतो. नियंत्रकास वाटते की पेटी गारठली आहे. तो पूर्ण वीज सोडतो आणि सोडीतच राहतो. सुरक्षेसाठी घेतलेली वस्तूच मग घातक होते. म्हणून संवेदक चिकटपट्टीने नव्हे, तर क्लिपने वा स्क्रूने बसवावा. चिकटपट्टी सापाच्या खवल्यांस चिकटून कातडी सोलली गेल्याचे प्रकारही घडतात. शिवाय नियंत्रकाच्या आकड्यावर विसंबून न राहता दोन्ही टोकांस स्वतंत्र तापमापक असावेत. जेथे एक हिशेब लिहितो व दुसरा तपासतो, अशा आपल्या व्यवसायातील वाचकांना याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

विजेच्या खर्चाचाही अंदाज घेऊ. ब्रिटनमध्ये युनिटला २५ पेनी दर गृहीत धरू. शंभर वॉटचा दिवा रोज बारा तास पूर्ण तेजाने जळाला तर दिवसाला १.२ युनिट, म्हणजे वर्षाला ४३८ युनिट व सुमारे ११० पौंड. पंधरा वॉटची चटई चोवीस तास चालली तरी वर्षाला १३१ युनिट, सुमारे ३३ पौंड. नियंत्रकामुळे प्रत्यक्ष आकडा याहून खाली येतो, कारण साधन सर्व वेळ पूर्ण शक्तीने चालत नाही. रक्कम मोठी नाही. मुदत मात्र मोठी आहे. रॉयल पायथन वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० साली या जातीच्या एका मादीने अंडी घातली, तेव्हा तिचे वय बासष्टच्या पुढे असल्याचे सांगण्यात आले. १९६१ साली एका खाजगी मालकाकडून ती तेथे आली होती. दहा वर्षांच्या मुलाने आणलेला साप त्याच्या शिक्षणात, नोकरीत, लग्नानंतरही त्याच्याबरोबर असणार, आणि तेवढा काळ ती वीज चालू राहणार. गृहकर्जाच्या मुदतीशी त्याची तुलना केल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणि वीजच गेली तर? २०२१ सालच्या नोव्हेंबरअखेर आलेल्या 'आर्वेन' वादळाने ब्रिटनमधील दहा लाखांहून अधिक घरांची वीज तोडली. उत्तरेकडील काही हजार घरे आठवड्याहून अधिक काळ अंधारात होती. अशा वेळी घाबरून उकळत्या पाण्याची बाटली पेटीत ठेवणे हे थंडीपेक्षा वाईट. निरोगी साप काही तासांचा गारवा निभावून नेतो. पेटीवर जाड पांघरूण घालावे, हवेस फट ठेवावी, कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका बाजूस लावावी. पुरवठा लांबणार असे दिसल्यास साप कापडी पिशवीत, ती थर्माकोलच्या हवेशीर खोक्यात, अशा रीतीने उबदार घरी हलवावा. त्या दिवसांत त्याला खाऊ घालू नये. आपल्याकडील मे महिना आठवून कोणी म्हणेल, की मुंबईत हा प्रश्नच नसता. खरे आहे; तेथे प्रश्न उलट, थंड टोक कोठून आणावयाचे हा झाला असता.

साधने घरी आली की साप लगेच आणू नये. आधी रिकामी पेटी जोडून, नियंत्रक लावून किमान चार-पाच दिवस ती चालवावी आणि सकाळ, दुपार, मध्यरात्र अशी दोन्ही टोकांची तापमाने वहीत लिहून काढावीत. कमाल-किमान दाखविणारा तापमापक असेल तर मध्यरात्री उठावे लागत नाही. भुसा बाजूला सारून तळाच्या काचेचे तापमानही एकदा मोजावे. पिस्तुलासारखा अवरक्त तापमापक यासाठी स्वस्तात मिळतो. आकडे दोन दिवस लागोपाठ मर्यादेत आले म्हणजे साप आणावा. आल्यानंतर पहिला आठवडाभर त्याला न हाताळता राहू द्यावे आणि मगच पहिला उंदीर द्यावा. त्यानंतरचे दोन दिवस तो बहुतेक उबदार टोकासच पडून राहील. ते आजारपण नसून पचन चालू असल्याची खूण आहे. तो सदैव पाण्याच्या भांड्यातच बसू लागला, किंवा दिवसेंदिवस थंड टोक सोडीनासा झाला, तर वही उघडून उबदार टोकाचा आकडा पुन्हा तपासावा.